अंतराळयान-भयपट

विज्ञानकथापटाचा एक उपप्रकार. कथा मुख्यत्वे अंतराळयानाच्या आत घडते आणि बाहेर पडायला जागा नसणे हेच भयाचे मूळ असते. परग्रहावरील लढायांचे चित्रपट येथे विचारात घेतलेले नाहीत. या प्रकारात गाजलेले चित्रपट थोडे आणि फसलेले पुष्कळ. त्यामुळे त्याचा इतिहास बराचसा अपेक्षाभंगाचाच इतिहास आहे.

उगमाबाबत एकमत नाही. साहित्याच्या अंगाने पाहणारे काही अभ्यासक ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’पर्यंत (१८९७) मागे जातात. त्यातील डिमीटर जहाजावरचे खलाशी एकेक करून नाहीसे होतात आणि शेवटी सुकाणूला बांधलेला कप्तानाचा मृतदेह व त्याच्या नोंदी तेवढ्या सापडतात. जहाजाच्या जागी यान ठेवले की सांगाडा तयार होतो, हे खरे. पण मग समुद्रावरच्या सगळ्याच भुताटकीच्या कथा या वंशावळीत घ्याव्या लागतील. त्यापेक्षा ए. ई. व्हॅन व्होग्ट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन कथा अधिक जवळच्या वाटतात. पुढे ‘द व्हॉयेज ऑफ द स्पेस बीगल’ (१९५०) या पुस्तकात त्या समाविष्ट झाल्या. त्यांपैकी एकीत यानात शिरलेला परका जीव माणसांच्या शरीरात अंडी घालतो. रिडली स्कॉट यांच्या ‘एलियन’शी (१९७९) असलेल्या या साम्याचा वाद न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. म्हणजे साम्याचा निवाडा असा कोणी केलाच नाही.

चित्रपटांपुरते बोलायचे तर मान दोघांत विभागला जातो. एडवर्ड एल. कान दिग्दर्शित ‘इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस’ (१९५८) हा जेमतेम सत्तर मिनिटांचा, कमी खर्चातला चित्रपट. मंगळाहून परतणाऱ्या यानात एक प्राणी लपून येतो, माणसे एकेक मजला सोडत वर सरकतात आणि अखेर यानातील हवा बाहेर सोडून त्याला मारतात. मारिओ बाव्हा यांचा १९६५ चा इटालियन चित्रपट इंग्रजीत ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ या नावाने ओळखला जातो. त्याचा बराच भाग ग्रहाच्या पृष्ठभागावर घडत असला, तरी परक्या यानातील तो अवाढव्य सांगाडा पुढच्या चित्रपटांनी उचललेला दिसतो; ‘एलियन’चे लेखक डॅन ओ’बॅनन यांनी तसे नंतर मान्यही केले. कथानकाचे श्रेय १९५८ कडे आणि रूपाचे १९६५ कडे, ही विभागणी सर्वांत कमी अडचणीची आहे.

बाव्हा यांची कार्यपद्धती थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. ते मुळात छायालेखक. पैसे नव्हते, म्हणून एका जुन्या पौराणिक चित्रपटातून उरलेले प्लॅस्टिकचे दोन खडक, आरसे, लघुप्रतिकृती आणि भरपूर धूर एवढ्यावर त्यांनी ग्रह उभा केला. चमत्कृती कॅमेऱ्यातच घडवायची, चित्रीकरणानंतर प्रयोगशाळेवर ढकलायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. नाशिककरांना ही रीत परकी वाटू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’नंतर मुंबई सोडून नाशिकला आले, आणि ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालियामर्दन’ (१९१९) यांसारख्या चित्रपटांतले चमत्कार त्यांनी याच वळणाने घडवले. कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे, फिल्म मागे फिरवून तिच्यावर दुसऱ्यांदा छायाचित्रण करणे, ही त्यांची हत्यारे. त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेक चौकट टिपून पडद्यावर दाखवली होती. ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या आडनावाने ते जादूचे प्रयोगही करत. बाव्हा यांनी फाळक्यांचे काम पाहिले असण्याचा पुरावा नाही. साम्य आहे ते गरजेतून आलेले. दोघांकडेही पौराणिक चित्रपटाचेच साहित्य होते, हा योगायोग मात्र मजेदार आहे.

‘एलियन’मध्ये यानाचे नेपथ्य इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत सलग बांधले होते. खोल्या बोळांनी जोडलेल्या असल्यामुळे नटांना आपल्या जागी पोचायलाही त्या बोळांतूनच जावे लागे. परिणामी कोणता दरवाजा कुठे उघडतो हे प्रेक्षकाच्याही अंगवळणी पडते आणि भीती त्या ओळखीवर उभी राहते. या प्रकारातील अपयशाची कारणे राक्षसाच्या रबरी अंगात शोधण्याची सवय समीक्षकांना आहे. ती वरवरची आहे. बहुधा बिघडतो तो यानाचा नकाशा. पात्रांना चकवा लागायला हवा असतो; तो लागतो प्रेक्षकाला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘सुपरनोव्हा’ (२०००). नाइटिंगेल २२९ हे वैद्यकीय मदतयान दूरच्या खाणीवरून आलेल्या हाकेला धावते आणि एका तरुणाबरोबर नऊ मितींच्या पदार्थाची वस्तू यानात येते. कल्पना वाईट नव्हती. प्रारंभीच्या टप्प्यावर ‘एलियन’मधील जीवाचे रूप रेखाटणारे चित्रकार एच. आर. गीगर यांनीही तिच्यासाठी रेखाटने केली होती. मूळ दिग्दर्शक बदलला, वॉल्टर हिल आले, निर्मितीसंस्थेशी मतभेद होऊन तेही बाहेर पडले. जॅक शोल्डर यांनी काही भाग नव्याने चित्रित केला आणि अखेरच्या संकलनावर फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी देखरेख केली. एका जोडीच्या शृंगारदृश्यावर दुसऱ्या जोडीचे चेहरे संगणकाने बसवल्याचेही सांगितले जाते. दीड तासाच्या या चित्रपटाच्या खर्चाचे आकडे ६ ते ९ कोटी डॉलर असे वेगवेगळे मिळतात. उत्पन्न दीड कोटीच्या आसपास. हिल यांनी आपले नाव काढून घेतल्याने दिग्दर्शक म्हणून ‘थॉमस ली’ असे टोपणनाव झळकले. चित्रपट पाहताना जाणवतो तो मुख्यतः हा हस्तांतराचा इतिहास: माणसे एका दालनातून निघतात आणि भलत्याच दालनात पोचतात, तेही कथेने न सांगता.

पॉल अँडरसन यांच्या ‘इव्हेंट होरायझन’चे (१९९७) प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. २०४० मध्ये नाहीसे झालेले यान सात वर्षांनी नेपच्यूनजवळ सापडते. कृत्रिम कृष्णविवर निर्माण करून अवकाश दुमडणारे त्याचे इंजिन त्याला भलतीकडेच घेऊन गेलेले असते. यानाच्या रचनेत पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे भाग वापरले आहेत. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत त्याच्या निम्मेही मिळवले नाहीत. ‘टायटॅनिक’ लांबल्यामुळे पॅरामाउंट या चित्रपटसंस्थेला उन्हाळी मोसमासाठी चित्रपट हवा होता, म्हणून संकलनाला ठरलेल्या दहा आठवड्यांऐवजी चार (काहींच्या मते सहा) आठवडे मिळाले, असे दिग्दर्शकाच्या बाजूने सांगितले जाते. सुमारे १३० मिनिटांची पहिली आवृत्ती कापून ती शंभराच्या आत आली. कापलेले चित्रण ट्रान्सिल्व्हेनियातील एका मिठाच्या खाणीत खराब झालेल्या स्थितीत सापडल्याचे अँडरसन यांनी सांगितले आहे. पुढे या चित्रपटाला चाहते मिळाले. हरवलेली आवृत्ती श्रेष्ठ होती असे ते धरून चालतात. उपलब्ध चित्रपटातील शेवटचा धांदलीचा भाग पाहता अधिक वेळ मिळायला हवा होता, एवढेच म्हणता येते.

मराठीत या प्रकाराची सामग्री विरळ आहे. नारायण धारप यांनी भयकथा आणि विज्ञानकथा दोन्ही लिहिल्या. कृष्णविवर हा विषय मराठी कथेत जयंत नारळीकरांनी लवकर आणला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही त्यांची कथा पहिली आली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून घेतलेले हे नाव परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून होते. ‘सुपरनोव्हा’तील हिल यांच्या टोपणनावाचा हेतू वेगळा: त्यांना ते काम आपले म्हणवून घ्यायचे नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते. विज्ञानकथालेखकाला हा मान त्या निमित्ताने मिळाला. हिंदीत दारासिंग यांचा ‘चाँद पर चढाई’ (१९६७) उल्लेखिला जातो, पण त्यात भयापेक्षा कुस्ती अधिक आहे.