कुरणात फुलपाखरं आणि पक्षी परतावेत म्हणून: अमेरिकेतल्या रँचरसाठी ‘इक्विप’चा अर्ज

अमेरिकेत स्वतःच्या किंवा भाड्याच्या कुरणावर गुरं चारणाऱ्या रँचरला मधमाश्या, फुलपाखरं आणि रानपक्ष्यांसाठी जमीन सुधारायची असेल, तर खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं. त्यासाठीची मुख्य योजना म्हणजे ‘एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम’. सगळे तिला ‘इक्विप’ म्हणतात. कृषी खात्याची (यूएसडीए) ‘नॅचरल रिसोर्सेस कन्झर्वेशन सर्व्हिस’ म्हणजेच एनआरसीएस ही शाखा ती चालवते.

एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात ठेवा: करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. खांब रोवले, बी पेरलं किंवा झुडपं तोडली, तर तेवढ्या कामाचे पैसे मिळत नाहीत. पेरणीचा हंगाम निघून चाललाय असं वाटतं आणि माणूस घाई करतो, तिथेच नुकसान होतं. खरोखर तातडी असेल तर आधी सुरुवात करण्याची लेखी परवानगी मागता येते. मात्र ती काम सुरू होण्याआधी हातात हवी, आणि ती मिळाली म्हणजे करार मिळेलच असंही नाही.

अर्ज कोण करू शकतं

जमीन स्वतःची असावी अशी अट नाही. कराराच्या पूर्ण मुदतीपर्यंत ती तुमच्या ताब्यात राहील, एवढं दाखवावं लागतं. भाडेकरू असाल तर भाडेपट्ट्याची मुदत आजच तपासा. कुंपण, पाइपलाइन, पाण्याची टाकी असं कायमचं बांधकाम करायचं असेल, तर मालकाची लेखी संमतीही लागते. उत्पन्नाची मर्यादा साधारणपणे तीन करवर्षांच्या सरासरीने 9 लाख डॉलर आहे. शिवाय धूप होणाऱ्या जमिनी आणि पाणथळ जागा यांच्याबद्दलचे नियम तुम्ही पाळताय, असं लिहून द्यावं लागतं.

कागदपत्रं

जवळच्या यूएसडीए सर्व्हिस सेंटरमध्ये एनआरसीएसच्या जोडीला ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’चं कार्यालय असतं. सुरुवात तिथून करा, कारण फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर (तुमच्या शेताचे आणि जमिनीच्या तुकड्याचे सरकारी नोंदणी क्रमांक) तेच देतात आणि त्यांच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी किंवा करदाता क्रमांक, खरेदीखत किंवा भाडेपट्टा आणि बँक खात्याचा तपशील सोबत न्या. जमीन कंपनीच्या किंवा ट्रस्टच्या नावावर असेल तर स्थापनेची कागदपत्रं आणि सही कोण करणार याचा पुरावाही हवा.

तिथे धूप व पाणथळ जमिनींचा एडी-1026 आणि उत्पन्नाचा सीसीसी-941 हे फॉर्म भरायचे. मूळ अर्जाचा फॉर्म एनआरसीएस-सीपीए-1200 एनआरसीएसकडे द्यायचा. अर्ज वर्षभर घेतले जातात, पण निवडीसाठी प्रत्येक राज्य आपली कट-ऑफ तारीख ठरवतं. तारखेपर्यंत पात्रतेचे कागद पूर्ण नसले तर अर्ज त्या फेरीत मागे पडतो, म्हणून तारीख फोन करून विचाराच.

कुरणावर नेमकं काय करायचं

यानंतर एनआरसीएसचा माणूस शेतावर येतो. ही भेट मनापासून वापरा. ‘फुलझाडं लावायची आहेत’ एवढंच सांगू नका. कोणत्या भागात गवत खुरटलंय, कुठे झुडपं माजलीत, गुरं पाणी कुठे पितात, हे सगळं दाखवा. कुरणावर सगळ्यात प्रभावी हत्यार बहुतेकदा चराईच असते. फुलोऱ्याच्या दिवसांत एखादा भाग मोकळा सोडला, गुरं फिरती ठेवली, तर रानफुलं बी धरतात. गवताचे झुबके टिकले की बॉबव्हाइट लाव्याला घरटं करायला आडोसा मिळतो, आणि मधल्या उघड्या मातीवरून त्याची पिल्लं हिंडू शकतात. अनेक देशी मधमाश्याही अशाच मोकळ्या मातीत बीळ करतात. या कामाचं सरकारी नाव ‘प्रिस्क्राइब्ड ग्रेझिंग’, क्रमांक 528.

गवताळ रानात घुसलेली जुनिपरची झाडं काढणं ‘ब्रश मॅनेजमेंट’मध्ये बसतं, क्रमांक 314. सेज ग्राऊससारखे पक्षी उंच झाडांच्या आसपास थांबत नाहीत. देशी गवत आणि रानफुलांची पेरणी 550 मध्ये येते. कुंपण घालणार असाल तर खालची तार बिनकाट्याची आणि जमिनीपासून पुरेशी उंच ठेवा, कारण प्राँगहॉर्न हे हरणासारखे प्राणी तारेवरून उडी मारण्यापेक्षा खालून सरपटत जातात. टाकीत पक्ष्यांना आणि लहान प्राण्यांना बाहेर पडायला उतार हवा. एवढ्याशा उतारामुळे किती जीव वाचतात!

मिल्कवीडबद्दल थोडं सविस्तर. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या फक्त याच झाडावर जगतात. आपल्या रुईसारखा चीक असलेली ही वनस्पती गुरांना विषारी आहे. चारा भरपूर असेल तर गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, पण उपाशी गुरं किंवा वाळल्या चाऱ्यात मिसळलेलं मिल्कवीड यात धोका खरा आहे. म्हणून जागा विचारपूर्वक निवडा. मिल्कवीड जगवायचं तर रुंद पानांच्या तणांवर सरसकट तणनाशक फवारू नका.

डिसेंबर 2024 मध्ये मोनार्कला ‘संकटग्रस्त’ यादीत घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा अनेक रँचरना निर्बंधांची धास्ती वाटली. निवडक प्रजातींसाठी ‘वर्किंग लँड्स फॉर वाइल्डलाइफ’ हा उपक्रम आहे. त्यात ठरल्याप्रमाणे काम केलं तर प्रजाती यादीत आली तरी ते काम नियमांत बसतं, अशी 30 वर्षांपर्यंत निश्चिती मिळू शकते. तुमच्या भागात तो आहे का, याची चौकशी करा.

निवड आणि पैसे

अर्जांना गुण देऊन क्रम लावला जातो. वन्यजीव अधिवासासाठी 2018 च्या फार्म बिलाने (शेतीविषयक केंद्रीय कायद्याने) इक्विपचा किमान 10 टक्के निधी राखला आहे. मोबदला पावत्यांवर नव्हे, राज्याच्या दरपत्रकावर ठरतो. तो सामान्यतः अंदाजित खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत असतो. दहा वर्षांपेक्षा जास्त अनुभव नसलेले नवे रँचर, मर्यादित साधनांचे शेतकरी आणि माजी सैनिक यांना 90 टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. शिवाय त्यांना साहित्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ घेता येते, ती 90 दिवसांत खर्च व्हायला हवी. बाकीच्यांना काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावरच पैसे मिळतात, म्हणून सुरुवातीचं भांडवल हाताशी ठेवा.

निवड झाली नाही तर अर्ज पुढच्या फेरीत धरायला सांगा. त्याच वेळी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव संस्थेच्या ‘पार्टनर्स’ कार्यक्रमाच्या जीवशास्त्रज्ञालाही भेटा. तिथला करार साधारण किमान 10 वर्षांचा असतो.