मॉनिटर भिंतीपासून दूर, म्हणजे बेस खरा?

स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे गाणं मिक्स करताना ऐकायचे स्पीकर, भिंतीपासून जमेल तितके दूर ठेवा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. लहान खोलीत हा सल्ला घात करतो. खालचे स्वर मागेही पसरतात आणि भिंतीवरून परततात. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून 1 मीटरवर असेल, तर साधारण 86 हर्ट्झला परतलेली लाट बरोबर उलटी येऊन मूळ आवाज खाते. नेमका किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस गिटारचा पट्टा! मग आपण तिथे इक्वलायझरने भर घालतो आणि मिक्स दुसऱ्या स्पीकरवर घुमतं. अंतर 40 सेंटिमीटर केलं की हा खड्डा 215 हर्ट्झच्या आसपास सरकतो, तिथे जाड शोषक पॅनल कामी येतं. भिंतीमुळे वाढलेला बेस बऱ्याच मॉनिटरच्या मागच्या स्विचने कमी करता येतो. मागे पोर्ट (बेससाठीचं छिद्र) असेल तर काही सेंटिमीटर मोकळे सोडाच.