भरदार तरीही स्वच्छ : ब्रिज पिकअपच्या निवडीमागचा इतिहास

नाशिकमध्ये मेटल वाजवणारा विद्यार्थी असो की ऑर्केस्ट्रात चित्रपटगीतांना साथ करणारा अनुभवी वादक, इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिज पिकअपकडून, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या ब्रिजजवळ बसवलेल्या आणि तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या चुंबकीय भागाकडून, दोघांची अपेक्षा सारखीच असते : आवाज भरदार हवा आणि कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू यायला हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. आज दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक ब्रिज पिकअप म्हणजे त्या-त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरला धरून या पेचावर काढलेला तोडगा आहे, आणि म्हणूनच निवड करण्यापूर्वी हा इतिहास माहीत असणे उपयोगाचे ठरते.

पेचाचे मूळ तारेच्या हालचालीत आहे. ब्रिजजवळ तार घट्ट धरलेली असल्याने तिथे तिचे मूळ कंपन अत्यल्प असते, तर वरच्या स्वरांशांचा (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या उंच कंपनांचा) वाटा तुलनेने मोठा असतो. त्यामुळे तिथला आवाज धारदार पण किरकोळ येतो. तो जाड करण्याचा सरळ उपाय म्हणजे पिकअपच्या कॉइलवर, म्हणजे चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यावर, तांब्याच्या बारीक तारेचे फेरे वाढवणे. मात्र फेरे वाढले की सिग्नल वाढतो तसाच कॉइलचा इंडक्टन्सही (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) वाढतो, अनुनादाची वारंवारता (जिथे पिकअपचा प्रतिसाद सर्वाधिक असतो ती) खाली सरकते आणि ज्या वरच्या सुरांमुळे स्पष्टता येते तेच आधी गळून पडतात.

विक्रीला आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार १९३२ मधली. जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांची ती गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची होती, आणि तिच्या पिकअपमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची चुंबके तारांना वरून वेढत असत. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० ही गिटार आणली, पण तिचा पिकअप नेककडे (गिटारच्या मानेकडे) होता. त्या काळच्या जॅझ वादकांना हवा असलेला गोल, मऊ आवाज तिथेच मिळत असे.

ब्रिजकडच्या आवाजाला स्वतःची ओळख मिळाली ती १९५० नंतर, लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कारखान्यातून निघालेल्या आणि १९५१ पासून टेलिकास्टर या नावाने ओळखल्या गेलेल्या गिटारमुळे. तिचा ब्रिज पिकअप तिरका बसवलेला आहे. त्यामुळे जाड तारांचा आवाज ब्रिजपासून थोड्या लांबच्या, अधिक भरीव जागी टिपला जातो. शिवाय पिकअपखाली तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असते, जी इंडक्टन्स किंचित वाढवून आवाजाला वजन देते. एकाच कॉइलमधून इतका ठसठशीत आवाज काढण्याची ही युक्ती मला आजही फार मोलाची वाटते. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये ती पट्टी नव्हती आणि मूळ जोडणीत ब्रिज पिकअपला टोनचे बटणही नव्हते, म्हणून तिच्या ब्रिजचा आवाज अनेकांना बोचरा लागतो.

सिंगल कॉइलचे दुसरे दुखणे म्हणजे वीजपुरवठ्याची घरघर. आपल्याकडे ती ५० हर्ट्‌झ आणि तिच्या पटीतल्या वारंवारतांवर ऐकू येते, आणि गणेशोत्सवाच्या मंडपात रोषणाई व जनरेटर शेजारी असले की दोन गाण्यांमधल्या शांततेतही ती पाठ सोडत नाही. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावरच्या उपायासाठी पेटंटचा अर्ज केला. त्यांच्या रचनेत दोन कॉइल शेजारी ठेवून त्यांची चुंबकीय दिशा आणि जोडणी परस्परविरुद्ध केली होती. त्यामुळे बाहेरची घरघर वजा होते आणि तारांचा सिग्नल मात्र जमा होतो. हाच हंबकर. १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर आला, आणि त्याच्या तळाला चिकटवलेल्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ (पेटंटसाठी अर्ज केला आहे) या लेबलमुळे ‘पीएएफ’ म्हणून प्रसिद्ध झाला. प्रत्येक कॉइलवर अंदाजे ५,००० फेरे आणि एकूण रोध साधारण ७ ते ९ किलोओहम, असे त्याचे माप होते. दोन्ही कॉइलचे फेरे नेहमी तंतोतंत सारखे नसत, आणि ही तफावत जिथे असे तिथे वरचे सूर थोडे अधिक शिल्लक राहत.

साठच्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅम्प पूर्ण उघडून त्याचा आवाज फोडण्याची, म्हणजे डिस्टॉर्शनची, पद्धत रूढ झाली आणि अ‍ॅम्पला आणखी जोराने ढकलणारा पिकअप हवासा वाटू लागला. लॅरी डिमार्झिओ यांचा १९७२ चा ‘सुपर डिस्टॉर्शन’ त्या गरजेतून आला : सिरॅमिक चुंबक, पीएएफपेक्षा बरेच अधिक फेरे आणि जवळपास १३ किलोओहमच्या पुढचा रोध. सेमूर डंकन यांचा ‘जेबी’ याच वळणाचा, पण अल्निको ५ (अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकाचा आहे. दुसरीकडे रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलेन यांनी स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या गिटारमध्ये ब्रिजला जुना पीएएफ बसवला, आणि १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये ऐकू येणारा आवाज मध्यम आउटपुटच्या पिकअपमधून निघालेला आहे. पुढे ईएमजी ८१ ने वेगळी वाट धरली : कमी फेऱ्यांच्या कॉइल आणि उरलेली ताकद ९ व्होल्टच्या बॅटरीवरील प्रीअ‍ॅम्पकडून (सिग्नल आधीच वाढवणाऱ्या छोट्या सर्किटकडून).

या क्रमात एक गोष्ट ठळक दिसते. जास्त फेऱ्यांचे पिकअप अ‍ॅम्पमध्ये पुरेसे डिस्टॉर्शन नसलेल्या काळात जन्मले, आणि आज साधा सरावाचा अ‍ॅम्पही हवे तेवढे डिस्टॉर्शन देतो. म्हणून भरदार तरी स्वच्छ आवाजासाठी ८ ते ९ किलोओहमच्या आसपासचा, अल्निको ५ चा हंबकर आधी ऐकून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ ओहमच्या आकड्यावरून ताकद जोखणेही फसवे आहे, कारण तार बारीक घेतली तर तेवढ्याच फेऱ्यांत रोध वाढतो.

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये वाइंडिंगचे काम जाणणारे कारागीर आहेत, आणि बंद पडलेला पिकअप त्यांच्याकडून भरून घेण्याचा मोह होतो. अशा वेळी तारेचे माप सांगताना काळजी घ्यावी. पीएएफची ४२ गेज तार अमेरिकन मापाची, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटरची असते. आपल्याकडे प्रचलित ब्रिटिश मापातील ४२ गेज तार मात्र सुमारे ०.१० मिलिमीटर जाड असते आणि तेवढे फेरे त्या बॉबिनवर मावतच नाहीत. गेजऐवजी मिलिमीटरमध्ये जाडी सांगितलेली बरी. शिवाय सिंगल कॉइलसाठी असलेल्या गिटारमध्ये हंबकर बसवला, तर आधीचे २५० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रोधक) काढून ५०० चे घालावेत. नाहीतर नवा पिकअप कितीही चांगला असला तरी त्याचे वरचे सूर दबलेलेच ऐकू येतील.