न हटणारा ताप, सांधेदुखी आणि अंडकोषाची सूज: ब्रुसेलाच्या तपासणीबद्दल

गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या सांभाळणाऱ्या आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी

दुपारपर्यंत बरं वाटतं, संध्याकाळी अंगात कणकण भरते आणि रात्री सदरा पिळावा इतका घाम येतो. कंबर धरते, गुडघा किंवा खुबा सुजतो. काही पुरुषांचा एका बाजूचा अंडकोष सुजून दुखू लागतो. टायफॉइडची औषधं होतात, चार दिवस उतार पडतो आणि ताप परत येतो. असा रुग्ण आला की आम्ही आधी विचारतो: घरी जनावरं आहेत का? एवढ्यात कुठली गाभडली का? कारण हा त्रास ब्रुसेला या जनावरांतून माणसाला लागणाऱ्या जंतूचा असू शकतो.

गाभडलेल्या जनावराची वार आणि गर्भपाणी यांत ब्रुसेलाचे जंतू खच्चून भरलेले असतात. वार काढताना हाताला बारीक चीर असली तरी ते शरीरात शिरतात. कच्च्या दुधातूनही येतात. धारोष्ण दुधाने ताकद येते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण दूध उकळूनच प्या. 1905 साली माल्टा बेटावर थेमिस्टोकलीस झामिट यांनी शेळ्यांना याच जंतूची लागण असल्याचं शोधलं होतं.

अंडकोषाची सूज सांगायला संकोच वाटतो, बरेच जण ती शेवटी, दारातून निघताना सांगतात. कृपया आधी सांगा. ताप, सांधे आणि ही सूज एकत्र आली की डॉक्टरांना ब्रुसेलाची शंका लवकर येते. अशी सूज गालगुंड, क्षय किंवा लैंगिक संसर्गानेही येते, म्हणून त्याही तपासण्या लागू शकतात. मात्र दुखणं अचानक सुरू होऊन असह्य झालं, उलटी होऊ लागली, तर अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा लॅबमध्ये येऊ नका, थेट सर्जनकडे जा. पहिले सहा तास मोलाचे असतात.

पहिली तपासणी रोझ बंगाल. तुमच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब आणि गुलाबी द्रावणाचा एक थेंब काचपट्टीवर काडीने कालवून चार मिनिटं हलवतो. बारीक रवाळ दाणे दिसले तर पॉझिटिव्ह. पण तेवढ्यावर निदान होत नाही. पुढे नळीतली चाचणी करतो, म्हणजे रक्तातलं पाणी नळ्यांमध्ये टप्प्याटप्प्याने पातळ करून तपासतो. लक्षणं असताना 1:160 (म्हणजे 160 पट पातळ केल्यावरही पॉझिटिव्ह) किंवा त्याहून वर आकडा आला तर तो महत्त्वाचा धरतात. रक्तात प्रतिद्रव्यं (जंतूशी लढायला शरीराने बनवलेले घटक) फारच असली तर सुरुवातीच्या नळ्या फसव्या कोऱ्या दिसतात, म्हणून आम्ही द्रावण बरंच पुढपर्यंत पातळ करून पाहतो.

सर्वांत पक्की खात्री रक्ताच्या कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून पाहिल्याने होते. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त द्या. जंतू हळू वाढतो, वाट पाहावी लागते. ब्रुसेलाची शंका असल्याचं चिठ्ठीवर डॉक्टरांकडून जरूर लिहून घ्या. बाटली उघडणाऱ्या आमच्या माणसालाही हा जंतू सहज लागतो.

टीबीच्या औषधांनी थोडा उतार पडला म्हणून टीबीच आहे, असं धरू नका. रिफाम्पिसिन दोन्ही आजारांवर चालतं. ब्रुसेलावर सहसा दोन औषधं एकत्र देतात आणि त्यांतलं डॉक्सिसायक्लिन सहा आठवडे चालतं. ताप गेला म्हणून मध्येच सोडलं तर आजार उलटतो. बरे झाल्यावरही रक्तात प्रतिद्रव्यं काही महिने राहू शकतात, त्यामुळे नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह दिसला म्हणून घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा.

रोझ बंगालसाठी उपाशीपोटी येण्याची गरज नाही. आधीचे सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या.