पेट्रोलचा भाव लिटरमागे, हिशेब किलोमीटरमागे

सावंतवाडीहून गोव्याकडे निघालेला माणूस पेट्रोल भरायचे पत्रादेवीची हद्द ओलांडेपर्यंत लांबवतो, हे आमच्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागचे कारण सहसा कोणी विचारत नाही. पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखे असले, तरी त्यावर प्रत्येक राज्य आपापल्या दराने व्हॅट आकारते. २०१२ साली मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील हा कर ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा गोव्यात पेट्रोल एका झटक्यात लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले होते. पुढे कर वाढला, तरी हद्दीच्या पलीकडचा भाव कमीच राहिला. चिपळूण, रत्नागिरी आणि कणकवली येथील भावांत जो थोडाफार फरक दिसतो, तो मात्र कराचा नसून मुख्यतः डेपोपासूनच्या टँकरवाहतुकीचा असतो.

पण स्वस्त पेट्रोलसाठी मुद्दाम जाणे परवडते का? सावंतवाडीहून हद्द १५ किलोमीटर, भावातील फरक ८ रुपये आणि लिटरचा भाव ढोबळमानाने १०० रुपये धरू. लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देणारी मोटार जाऊन-येऊन २ लिटर, म्हणजे २०० रुपये जाळते. टाकीत ३५ लिटर भरले तर २८० रुपये वाचतात आणि पदरात ८० रुपये पडतात. स्कूटरच्या टाकीत जेमतेम ५ लिटर मावते. तिची बचत ४० रुपये आणि जाण्यायेण्याचा खर्च त्याहून अधिक. कुडाळकरांना तर हे अंतर दुपटीहून जास्त पडते, त्यामुळे त्यांची मोटारही या व्यवहारात तोट्यातच जाते.

यापुढचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे त्या एका लिटरमध्ये आपण नेमके काय विकत घेतो. आपण घेतो ती ऊर्जा. शुद्ध पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१. म्हणून २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, म्हणजे ई-२० पेट्रोलच्या लिटरमध्ये ३० मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ७ टक्के कमी ऊर्जा येते. ॲव्हरेज मात्र तेवढेच घटेल असे नाही, कारण इंजिन कोणत्या इंधनासाठी जुळवले आहे, यावर ते अवलंबून असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या जुळणीच्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के, दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींसाठी १ ते २ टक्के घट अपेक्षित धरली होती. जुनी मोटार चालवणाऱ्याला याचा अर्थ असा की पाटीवरचा भाव जागचा हलला नाही, तरी किलोमीटरमागचा खर्च वाढू शकतो.

कोकणात इथेनॉलचा आणखी एक गुण ध्यानात ठेवावा लागतो. ते पाण्यात सहज मिसळते. थोडे पाणी टाकीत गेले तर ते इथेनॉलमध्ये विरून जाते, पण प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. इंजिनाला इंधन पुरवणारी नळी नेमके तिथूनच ओढून घेते. आमच्याकडचा पाऊस आडवातिडवा लागतो, म्हणून पडवीबाहेर उभ्या राहणाऱ्या स्कूटरच्या टाकीचे झाकण आणि त्याची रबरी चकती पावसाआधी तपासणे फार गरजेचे आहे.

प्रीमियम पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते, हा गैरसमज ऑक्टेन या शब्दातून निर्माण होतो. ऑक्टेनचा आकडा ऊर्जा सांगत नाही. दाबाखाली इंधन ठिणगीची ज्योत पोचण्याआधी स्वतःहून पेटण्याला किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. आंबोलीचा घाट चढताना वरच्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबत राहिले की बोनेटखालून धातूवर खडे आपटावेत तसा टकटक आवाज येतो. सिलिंडरमध्ये उरलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण अवेळी भडकल्याचा तो आवाज असतो. नव्या गाड्यांतील सेन्सर तो ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो, त्यामुळे आवाज थांबतो, पण ताकदही थोडी कमी होते. ज्या इंजिनात दाबाचे गुणोत्तर जास्त आहे, म्हणजे मिश्रण अधिक दाबले जाते, आणि ज्याच्या पुस्तिकेत जास्त ऑक्टेन सांगितले आहे, त्यालाच महाग पेट्रोलचा खरा उपयोग होतो. इतरांनी घाटात वेळेवर गिअर उतरवावा, तो उपाय फुकट आहे.

सीएनजी किलोवर मिळतो, हे तुलना करताना विसरू नये. एका किलोत दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते, म्हणून किलोचा भाव ९० रुपये असेल तर तो पेट्रोलच्या ६० रुपयांशी ताडून पाहावा. मात्र वायू इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, त्यामुळे चढावर गाडी मंद वाटते आणि डिकीही टाकीपायी जाते.

पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पेट्रोल एका अंशाला सुमारे हजारात एक भाग प्रसरण पावते, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिचे तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. मापाची शंका असेल तर पंपावरचे ५ लिटरचे प्रमाणित माप मागावे, तो ग्राहकाचा हक्क आहे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. मापाच्या अरुंद गळ्यात पेट्रोल रेषेपर्यंत चढताना एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

खरा आकडा आपल्याच गाडीतून निघतो. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल्ल करावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, पुढच्या वेळी पुन्हा तसेच भरावे, आणि मध्ये गेलेल्या पैशांना धावलेल्या किलोमीटरनी भागावे. हे करताना जाणे-येणे दोन्ही हिशेबात धरायला हवे. १२०० किलो वजनाची मोटार सावंतवाडीहून आंबोलीपर्यंत सुमारे ६०० मीटर वर उचलायला ७ मेगाज्यूल लागतात, आणि इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा भागच चाकांना देते. म्हणजे रस्त्याचा खर्च सोडून, नुसत्या उंचीसाठीच जवळजवळ एक लिटर पेट्रोल जाते, आणि उतरताना त्यातले थोडेच परत मिळते.