बुडालेलं भाडं, फुटलेलं बेसिन

महिना २५,००० भाडं. भाडेकरूने शेवटचे चार महिने दिलेच नाहीत, आणि किल्ली परत आली तेव्हा बेसिन फुटलेलं, ट्रॉल्यांची दारं लोंबकळलेली. एक लाख बुडाले, दुरुस्तीचे ऐंशी हजार वेगळेच. दुकानदार दोन्ही रकमा खर्चात टाकेल; घरमालकाला तशी सोय नाही. याचं मूळ १९२२च्या प्राप्तिकर कायद्यात आहे. तिथे कर हातात पडलेल्या भाड्यावर नव्हता, घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर होता. घर किती कमावू शकतं, हा प्रश्न. किती कमावलं, हा नव्हे. १९६१च्या कायद्यानेही तीच चौकट उचलली.

मग बुडालेल्या भाड्याचं काय? त्यासाठी वजावट ठेवली, पण प्राप्तिकर नियमांतल्या नियम ४च्या अटींवर. भाडेकरार खरा हवा. भाडेकरूने जागा सोडलेली हवी, नाहीतर त्याला बाहेर काढायची पावलं उचललेली हवीत. तुमच्याच दुसऱ्या जागेत तो राहत नसावा. आणि वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढलेली असावी, किंवा चढून उपयोग नाही हे अधिकाऱ्याला पटवता यावं.

मुंबईत ही शेवटची पायरी फार उंच. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली होती. थकबाकीसाठी खटला भरावा, तर चाळीतल्या खोलीच्या भाड्यापेक्षा वकिलाची फी जास्त! आजच्या १९९९च्या कायद्यातही थकबाकीसाठी जागा खाली करून मागायची, तर आधी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे जागा भाड्याने न देता ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याची, पद्धत घरमालकांनी उगाच धरली नाही.

नुकसानीला मात्र कायद्याने स्वतंत्र जागा कधी दिलीच नाही. दुरुस्तीसाठी वार्षिक मूल्याचा सहावा हिस्सा सरसकट वजा व्हायचा. पुढे पाचवा, मग चौथा. विमा, भाडेवसुलीचा खर्च वगैरेंच्या वजावटीही असत. यशवंत सिन्हा अर्थमंत्री असताना २००१च्या वित्त कायद्याने हे सगळं मोडून सरळ ३० टक्के केलं. बेसिन फुटो वा न फुटो, ३० टक्केच. वरच्या उदाहरणात अटी पुऱ्या झाल्या तर, घरपट्टी बाजूला ठेवून, वर्षाच्या तीन लाखांपैकी मिळालेल्या दोन लाखांवर साठ हजार वजा आणि १,४०,००० करपात्र. अटी पुऱ्या नसतील, तर न मिळालेल्या भाड्यासकट २,१०,०००. पहिल्या हिशेबात दुरुस्तीचे वरचे वीस हजार आपलेच; दुसऱ्यात नव्वद हजारांची वजावट दुरुस्तीला पुरते, पण न मिळालेल्या लाखावरही कर लागतो. उलट, भाडेकरू घर चकचकीत ठेवून गेला तरी ३० टक्के मिळतातच, म्हणून याविरुद्ध ओरड फारशी झाली नाही. रिटर्नमध्ये न वसूल झालेल्या भाड्याचा रकाना आहे. डिपॉझिटमधून वळतं केलेलं भाडं मात्र तिथे दाखवता येत नाही, कारण ते वसूल झालेलंच असतं.

बुडालं म्हणून वजा केलेलं भाडं नंतर हाती आलं, तर पूर्वी त्यावर ३० टक्केही मिळत नसत. मागाहून वाढवून मिळालेल्या भाड्याच्या फरकावर मात्र मिळत. २०१६च्या वित्त कायद्याने दोन्ही एकाच कलमात आणून ही वजावट दोघांना दिली. पैसे मिळतील त्या वर्षी कर, मग मधल्या काळात घर विकून टाकलेलं का असेना.