शब्बाथ आणि विश्रांतीचा हक्क

शब्बाथ : प्राचीन इस्राएली लोकांच्या तोरा या धर्मग्रंथाने नेमून दिलेला आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस. तो शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्र पडल्यावर संपतो. ‘शाबात’ या हिब्रू क्रियापदाचा अर्थ थांबणे, काम सोडणे.

दहा आज्ञांपैकी ही आज्ञा तोरात दोन ठिकाणी आली आहे आणि दोन्हीकडे तिचे कारण वेगळे सांगितले आहे. तोरातले ‘निर्गम’ हे पुस्तक (२०:८–११) म्हणते, देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. तोरातलेच ‘अनुवाद’ हे पुस्तक (५:१२–१५) मात्र आठवण देते ती गुलामगिरीची : तुम्ही स्वतः मिसर (इजिप्त) देशात दास होता, तेव्हा तुमच्या दासदासींनाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी राहणारा उपरा अशी सगळ्यांची नावे घेऊन ही सूट दिली आहे. ‘निर्गम’ २३:१२ मध्ये तर दासीच्या मुलाने व उपऱ्याने ‘श्वास घ्यावा’ अशा अर्थाचे क्रियापद आहे, आणि पुढे ३१:१७ मध्ये तेच क्रियापद खुद्द देवाच्या विसाव्यासाठी वापरले आहे. मानवी प्रतिष्ठेच्या दृष्टीने या आज्ञेतले सर्वांत मोलाचे स्थळ हेच म्हणावे लागेल.

तरीही याला आजच्या अर्थाने ‘हक्क’ म्हणता येत नाही. आज्ञा धन्याला आहे. दासाला ती मागण्याची वाट ग्रंथ सांगत नाही. गुलामगिरीही त्याने मोडलेली नाही, उलट परकीय दास वारसाहक्काने मुलांना देण्याची मुभा तोरातले ‘लेवीय’ हे पुस्तक (२५:४४–४६) देते. शब्बाथ मोडणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. आज्ञा व्यापाऱ्यांना जाचत असे, हे संदेष्टा आमोसच्या शब्दांतून कळते : शब्बाथ कधी संपतो आणि आपण धान्य कधी विकायला काढतो, असे म्हणणाऱ्यांवर तो तुटून पडतो (८:५).

कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारे बेने इस्रायली, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या या पाळणुकीतून आज्ञेच्या यादीतल्या बैलालाही सुटी मिळाली.

औद्योगिक कामगारांना सात दिवसांत सलग २४ तासांची सुटी असावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९२१ मध्ये केला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली रविवारची सुटी १८९० मध्येच मिळवली होती. पुढे १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या २४ व्या कलमाने विश्रांतीबरोबर कामाच्या तासांवर वाजवी मर्यादा आणि ठरावीक काळाने पगारी सुटी हेही हक्क मानले. तोरात सुटीच्या दिवसाच्या मजुरीची तरतूद नाही. रोजाने राबणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतच असणार.